आधी पूर्वपक्ष लिही

चिरंजीव,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनार्थ लिहायचं, बोलायचं, आणि त्यासाठी तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं, हे वाचून आनंद झाला. कोणाची व्याख्यानं ऐकू, असं विचारलंयस. तू पाठवलेल्या यादीतली सगळी माणसं ऑक्सफर्डची नाहीतर अमेरिकेची. वाच त्यांना, मी नको म्हणत नाही. पण त्यांचा वाद त्यांच्याकडच्या नास्तिकाशी आहे. तुझ्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा नास्तिक नसणार. त्याच्या घरी ज्ञानेश्वरी असेल, आणि तो शांतपणे म्हणेल, सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात, मग भांडायचं कशाला? त्याच्याशी बोलायला शिकायचं असेल तर नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांकडे जा.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत गोऱ्यांचं नाव निघतं ते ‘पंडिता रमाबाईंना मार्ग दाखवणारे’ एवढ्यापुरतंच. ते खरं आहे, पण तुझ्या कामाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरी 1825 साली झाशीजवळ जन्म, वाढले काशीत, शिक्षण अस्सल पंडिती. कंपनी सरकारातला जॉन म्यूर नावाचा स्कॉटिश अधिकारी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहितो आणि खरा धर्म ओळखायच्या कसोट्या मांडतो: चमत्कार, शास्त्राचं पावित्र्य, सर्वांना खुलं असणं. त्यावर हिंदू पंडितांची जी उत्तरं आली, त्यांतलं सर्वांत कसदार उत्तर म्हणजे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. ते लिहिलं नीळकंठ गोऱ्यांनी, 1844–45च्या सुमारास, वयाच्या विशीत!

त्यात त्यांनी जे विचारलं ते आजही बोचतं. जन्मतःच एकाच्या वाट्याला सुख आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येतं. पूर्वकर्म मानत नसाल तर तुमचा ईश्वर न्यायी कसा? एका आयुष्यातल्या पापासाठी अनंत नरक, हा कोणता न्याय? आणि मुळात शास्त्राला तर्काच्या तराजूत घालायचा अधिकार बुद्धीला दिला कोणी? (याचं उत्तर एका वाक्यात देता येईल असं वाटत असेल, तर तुला प्रश्न अजून कळलेला नाही.)

पुढे 1848 मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी काशीत विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालायला गेलेला हा तरुण त्याच्याकडून बायबल घेऊन परतला, आणि मग स्वतःशीच वाद घालत राहिला. म्हणजे बघ, ज्या मताचं समर्थन त्यांनी पुढे आयुष्यभर केलं, त्याच्या विरोधातला सर्वोत्तम युक्तिवाद त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यांचं वजन तिथून येतं. तुला मला असा प्रवास करायचा नाही. आपण जन्मानेच ख्रिस्ती. त्यामुळे आपला धोका वेगळा आहे. आपल्याला समोरच्याचं म्हणणं ऐकीव असतं, आणि ऐकीव म्हणणं खोडायला फार सोपं जातं.

त्यांचा मुख्य ग्रंथ हिंदीतला ‘षड्दर्शन दर्पण’, 1860चा. षड्दर्शनं म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरा; न्याय आणि वेदान्त त्यांतल्याच. फिट्झएडवर्ड हॉलने त्याचा इंग्रजी अनुवाद 1862 मध्ये केला. हा ग्रंथ सावकाश वाच, पण शिष्यासारखा मान डोलवत वाचू नकोस. न्यायदर्शनाबद्दल ते म्हणतात: जीव आणि परमाणू अनादि मानलेत, मग तुमचा ईश्वर निर्माता कुठला, तो तर आयत्या सामानावर काम करणारा कारागीर ठरतो. हा मुद्दा मला अजूनही भक्कम वाटतो. वेदान्ताला ते विचारतात: ब्रह्म ज्ञानस्वरूप म्हणता, पण त्याला जाणायला दुसरं काहीच नाही, जे कशालाच जाणत नाही त्याला ज्ञान म्हणायचं कशासाठी? शिवाय पारमार्थिक (अंतिम), व्यावहारिक (रोजच्या जगातली), प्रातिभासिक (नुसती भासणारी) अशा सत्तेच्या पायऱ्या पाडून तुम्ही एकच वस्तू सोयीनुसार खरी आणि खोटी ठरवता, असाही त्यांचा आरोप.

इथे थांब. वेदान्ती गप्प बसेल असं समजू नकोस. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला उत्तर दिलेलं आहे: सूर्य प्रकाशतो असं म्हणायला समोर उजळण्यासारखी वस्तू असावीच लागते असं नाही. ज्ञान ही क्रिया नव्हे, स्वरूप आहे. माझ्या मते गोऱ्यांनी या उत्तराला पुरेसा न्याय दिला नाही. ‘दर्पणा’तला त्यांचा सूर कधी कधी निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा होतो, आणि तिथे ग्रंथ पडतो. पुढच्या काळात ते मऊ झाले. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा ही शिकवण आपल्या लोकांत आधीच होती, ती ख्रिस्ताला ओळखण्यासाठी देवाने केलेली तयारीच आहे, असं ते मांडू लागले. हा बदल नीट अभ्यास. प्रबंधालाही विषय होईल.

ऑक्सफर्डचं तुला एवढं आकर्षण आहे म्हणून सांगतो. गोरे 1854 मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. संस्कृतचा जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर याने पुढे लिहून ठेवलंय की ऑक्सफर्डला त्याच्याकडे आलेला हा पंडित अगदी खचलेला होता. लंडनमध्ये पाहिलं ते जर ख्रिस्तीपण असेल तर मी ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचं तो बोलला. तरी श्रद्धा सोडली नाही. शंका मात्र त्यांच्या कधीच संपल्या नाहीत, बाप्तिस्म्यानंतरही. तुझ्या मनात शंका येतात म्हणून तू या कामाला नालायक, असं पत्रात लिहिलंयस. ते खोडून टाक.

आणखी एक, जे आपले चरित्रकार घाईने उरकतात. 1853 मध्ये मुलगी झाली आणि लवकरच पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. ते लेकरू दुसऱ्यांच्या घरी वाढलं आणि वडील पुढच्याच वर्षी समुद्रापार. ही मुलगी पुढे एलन लक्ष्मी गोरे या नावाने इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री झाली, ते चांगलंच झालं. पण वडील गोऱ्यांना मी या बाबतीत मोकळं सोडत नाही. तुझ्या आईची तब्येत बरी नसते हे मला ठाऊक आहे. परगावी प्रवेश घेण्याआधी तिच्याशी बोल, पास्टरांशी नंतर.

रमाबाईंचं म्हणशील, तर पुण्यात फादर गोरे त्यांना हिंदू आणि ख्रिस्ती धर्मांतला फरक समजावून सांगत. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्यामागे गोऱ्यांच्या लिखाणाचाही हात होता. पण लगेच त्याच बाई तिथल्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) भगिनींशी सिद्धान्तांवरून वाद घालू लागल्या आणि कुणाच्याही मुठीत राहिल्या नाहीत. युक्तिवादाने कुणाचं मन वळलं तरी ते माणूस आपल्या मालकीचं होत नाही. यूट्यूबवर ‘निरुत्तर केलं’ असे मथळे देणाऱ्यांना हे कोण सांगणार!

आता कामाचं. एम.ए.च्या प्रवेशाला अवकाश आहे, तोवर संस्कृत सुरू कर. भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिका’ या प्राथमिक पुस्तकापासून केलंस तरी चालेल. आणि मला दोन पानं लिहून पाठव: ब्रह्म ज्ञानस्वरूप कसं, याचं समर्थन, वेदान्त्याच्या बाजूने. पूर्वपक्ष म्हणतात तो हाच: आपलं उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडणं. मधे ‘पण’ घालायचा नाही, शेवटी ख्रिस्ताचं नाव आणायचं नाही. तुझ्या त्या ज्ञानेश्वरीवाल्या मित्राला आधी वाचायला दे. तो ‘हो, आमचं म्हणणं हेच’ म्हणाला तरच माझ्याकडे पाठव. नाही म्हणाला तर पुन्हा लिही.

आईला सलाम सांग.

तुझा,
सर