दुसरी चावी खिशातच राहू द्या

प्रश्न : माझा पिकअप ट्रक आहे. मीच चालवतो, मालाची ने-आण करतो, त्यावरच घर चालतं. हीटरमधून गार हवा येऊ लागली, समोरच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली. गॅरेजवाल्याने ‘हीटर कोअर गेलाय’ म्हणून अख्खा डॅशबोर्ड उतरवून तो बदलला. मी पैसे दिले, पावती घेतली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. गाडी परत नेली तर म्हणतो, खराबी थर्मोस्टॅटची (इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेची) होती. मला न विचारता तो बदलला, सोबत ब्लोअरची मोटरही बदलली आणि दुसरं बिल पुढे केलं. ते भरल्याशिवाय गाडी सोडत नाही. माझ्याकडे दुसरी चावी आहे. रात्री जाऊन गाडी आणली तर चालेल का? ग्राहक न्यायालयात जाता येईल का?

उत्तर : आधी चावीचं बोलू. आणू नका. गाडी तुमची, आरसी तुमच्या नावावर, मग चोरी कसली, असं तुम्हाला वाटत असणार. पण आपलीच वस्तू चोरल्याचा गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीच्या व्याख्येखाली दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचं उदाहरण आहे. ते जुन्या दंड संहितेतूनच आलेलं आहे. दुरुस्तीचे पैसे देणं असताना, कारागिराने कायदेशीरपणे अडकवून ठेवलेलं घड्याळ मालकाने त्याचं तारण बुडवण्याच्या हेतूने उचलून नेलं, तर ती चोरी. देणं नसेल तर चोरी नाही. पण तुमचं देणं आहे की नाही हाच तर वाद आहे. तो रात्री कंपाउंडवरून उडी मारून सुटायचा नाही.

गॅरेजवाल्याला गाडी अडकवायचा हक्क आहे का? आहे, पण मोजका. करार कायदा, 1872, कलम 170 सांगतं की वस्तू ज्या कामासाठी सोपवली ते काम कसब वा मेहनत लावून केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. म्हणजे हक्क चिकटतो तो सांगितलेल्या कामाला. तुम्ही गाडी नेली ती ‘केलेलं काम टिकलं नाही, बघा’ म्हणून; ब्लोअरची मोटर बदला असं तुम्ही म्हटलेलं नाही. तिच्या पैशांसाठी गाडी रोखणं माझ्या मते टिकणार नाही. थर्मोस्टॅटबद्दल मी तितकं ठामपणे बोलणार नाही, कारण ‘हीटर चालू करून द्या’ यात थर्मोस्टॅट येतो असं गॅरेजवाला म्हणू शकेल. (उद्या त्याने मागची कुठली उधारी काढली, तर तिच्यासाठी गाडी धरता येत नाही. तसा सरसकट हक्क कलम 171 बँका, वकील अशा मोजक्या मंडळींना देतं. त्यात मेकॅनिक नाही.)

पण हा युक्तिवाद गॅरेजच्या दारात करून काय मिळणार? गाडी उभी राहिली की रोजचा धंदा बसतो. माझा सल्ला कडू आहे : पैसे भरा आणि गाडी बाहेर काढा. रोख देऊ नका. बिलाच्या प्रतीवर लिहा, ‘या कामाला माझी संमती नव्हती. गाडी सोडवण्यासाठी, माझे सर्व हक्क राखून, हरकतीसह रक्कम देत आहे.’ लिहू दिलं नाही, तर तिथेच उभं राहून हाच मजकूर त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा.

ज्या बिलाचा तुम्हाला एवढा राग आहे, ते बिल जपून ठेवा. पहिल्या पावतीत त्याने दोष कोअरचा धरला, दुसऱ्यात थर्मोस्टॅट बदलला. त्याचं निदान चुकलं होतं, हे त्याच्याच अक्षरात आहे. हीटरचं गणित फार अवघड नाही. इंजिनातलं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिनच पुरेसं तापत नाही, तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो. कोअर तुंबला असेल तर काटा ठीक असतो, पण कोअरकडे जाणारा एक पाइप चटका देतो आणि परतीचा कोमट लागतो. कोअर गळत असेल तर पायाखालची मॅट ओली होते, गोडसर वास येतो. डॅशबोर्ड खोलण्याआधी त्याने यातलं काय तपासलं, हा तुमच्या केसचा कणा. पहिल्या वेळी काटा कुठे होता, आठवून आजच लिहून ठेवा.

तो काय म्हणेल तेही ऐका. ‘नऊ दिवस हीटर चालला, म्हणजे कोअरच खराब होता, थर्मोस्टॅट नंतर गेला.’ हा बचाव पोकळ नाही. थर्मोस्टॅट कधी अडकतो, कधी सुटतो. कोअर बदलताना कूलंटमध्ये हवा राहिली तरी गार हवा येते. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे. म्हणून काढलेले जुने भाग, विशेषतः जुना कोअर, लेखी मागून घ्या. त्यातून पाणी मोकळं जातंय की नाही, हे दुसरा मेकॅनिक पाहून सहीनिशी लिहून देईल. गॅरेजवाला जुने भाग देत नसेल तर तो नकारही लेखी घ्या. आणि गाडी दुसरीकडे नेलीत तर आधी तपासणी, फोटो, अहवाल. पान्याला हात नंतर. दुरुस्ती झाली की पुरावाही दुरुस्त होतो.

ग्राहक आयोगात जाता येईल. मालवाहू गाडी म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही, ही हरकत येणारच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पोटासाठी ट्रक घेऊन स्वतः चालवणारा ग्राहकच. मदतीला एखाद-दुसरा माणूस असल्याने फरक पडत नाही. एक खाच मात्र आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘व्यापारी हेतू’च्या स्पष्टीकरणात, पोटासाठी स्वतः वापरणाऱ्याला सूट देताना, फक्त ‘वस्तू’ असा शब्द आहे आणि तुमची तक्रार सेवेची आहे. समोरचा वकील त्यावर बोट ठेवेल. म्हणून गाडी मी स्वतः चालवतो, पगारी ड्रायव्हर नाही, दुसरं उत्पन्न नाही, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात घाला.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. गॅरेजला दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करा. पुष्कळ गॅरेजवाले तिथूनच नरमतात. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ‘या, बघतो’ अशा आश्वासनांनी किंवा नोटीस पाठवून ती वाढत नाही.

मागणी बेताची ठेवा : संमतीविना केलेल्या कामाचे पैसे, चुकीच्या निदानाची रक्कम, बुडालेल्या फेऱ्या. फेऱ्यांना वही किंवा ऑर्डरचे मेसेज हवेत, अंदाजपंचे आकडा आयोग मानत नाही.

गाडी ताब्यात घ्याल तेव्हा गेटबाहेर निघण्याआधी इंजिन गरम होऊ द्या आणि किलोमीटरचा आकडा, तापमानाचा काटा, हीटरची जाळी आणि काच असा न थांबता एकच व्हिडिओ काढा. ज्या फोनवर काढाल तो फोन विकू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात त्या फोनचा तपशील भरावा लागतो.