अँकर, निवेदक आणि दोन नांगर

गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या चिटणिसांनी विचारलं आहे. प्रदीप भिडे २०२२ साली ७ जूनला गेले. त्या तारखेला वाचनालयात त्यांच्या आठवणींचा छोटा कार्यक्रम ठरतो आहे, पण फलकाच्या मजकुरावरून समितीत जुंपली आहे. मसुदा असा: 'दिवंगत न्यूज अँकर प्रदीप भिडे यांना श्रध्दांजली देण्यात येईल.' अँकर लिहावं की निवेदक, आणि श्रद्धांजली की आदरांजली, हे प्रश्न.

वृत्तनिवेदक लिहा आणि मोकळे व्हा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे भक्ती बर्वेंनी बातम्या वाचल्या, स्मिता पाटील यांनी वाचल्या, पुढे भिडे यांचा आवाज तर कित्येक वर्षं संध्याकाळच्या घरात घड्याळासारखा होता. यांतल्या कुणालाही तेव्हा अँकर म्हटल्याचं मला आठवत नाही. निवेदन म्हणजे कळवणं, पुढे ठेवणं. नैवेद्य त्याच घरातला. निवेदक बातमी तुमच्यापुढे ठेवतो आणि बाजूला होतो. अँकर कार्यक्रम हाकतो, पाहुण्यांना बोलतं करतो, हल्ली बहुतेक वेळा गप्पच करतो. काम वेगळं, शब्द वेगळा. भिडे यांना अँकर म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला इव्हेंट मॅनेजर म्हणण्यातला प्रकार आहे. शिवाय हे नवे अँकर हर्णैला बेधडक 'हरनाई' वाचतात, कारण समोरच्या पडद्यावर इंग्रजी स्पेलिंग असतं. जुन्या निवेदकांना निदान गावाचं नाव गावकऱ्यांसारखं घ्यायची लाज नव्हती. असो.

'श्रद्धांजली देण्यात येईल' वाचून मात्र डोकं फिरलं. हे हिंदीतून आलं, आणि आता मंत्र्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळे श्रद्धांजली 'देतात'. मराठीत अंजली वाहतात. फुलं वाहतात, पाणी वाहतात, तशी ओंजळ वाहायची. मराठीत 'देतात' ती तिलांजली, आणि ती दिली की संबंध संपला! भिडे यांना तुम्ही नक्की काय देणार आहात, ते समितीने एकदा ठरवावं. आणि रंगाऱ्याकडे देण्याआधी 'श्रध्दा' मधला ध्द खोडून द्ध करा. श्रत् अधिक धा अशी फोड आहे, त्यामुळे आधी द आणि मग ध. गावोगावच्या फ्लेक्सवर हे जोडाक्षर उलटं टांगलेलं असतं.

श्रद्धांजली मृत्यूनंतर लगेच वाहायची आणि पुढच्या वर्षांना आदरांजली, असा नियम काही व्याकरणप्रेमी सांगतात. त्याला आधार म्हणून 'श्रद्धांजलीत श्राद्ध आहे' अशी पुस्ती जोडतात. उलटं आहे. श्राद्ध हा शब्दच श्रद्धेवरून आला, श्रद्धेने करायचं ते श्राद्ध. वापरातला फरक म्हणून आदरांजली लिहायची तर खुशाल लिहा, मलाही वर्षश्राद्धाच्या फलकावर तीच बरी वाटते. पण व्युत्पत्तीच्या नावाने धाक घालू नका.

आता अँकर. बातम्यांच्या संदर्भात हा शब्द अमेरिकेत १९५२ च्या सुमारास रुळला. तिथल्या पक्षांच्या अधिवेशनांच्या वेळी सीबीएस वाहिनीवर वॉल्टर क्रॉन्काइट सगळ्या वार्ताहरांना मध्यभागी बसून सांभाळत होते. शब्द रिले शर्यतीतल्या शेवटच्या गड्यावरून घेतला की थेट जहाजावरून, यावर तिकडे वाद आहे. (स्वीडनमध्ये निवेदकाला 'क्रॉन्काइटर' म्हणतात, ही लोणकढी थाप आहे. ती सांगणारा भेटला की विषय बदला.) कसाही आला तरी मुळाशी लोखंडाचा आकडाच. ग्रीक 'आंकुरा', त्यावरून लॅटिन, त्यावरून इंग्रजी. धातूचा अर्थ वाकणं. त्याच मुळातून संस्कृतात अङ्क म्हणजे आकडा (अडकवायचा, मोजायचा नव्हे), आणि अङ्कुश. म्हणजे आपल्या गणपतीच्या हातातला अंकुश आणि हा अँकर चुलतभाऊ निघाले.

पण आपल्या किनाऱ्यावर त्या आकड्याला म्हणतात नांगर, आणि खरी मजा इथे आहे.

कोकणात नांगर दोन. एक भाताच्या मळ्यात चालतो, दुसरा खाडीत पडतो. शेत नांगरतात, होडीही नांगरतात. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गलावरून, यावर दुमत नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात 'शुनं कृषतु लाङ्गलम्' आहे. ल चा न व्हायला मराठीची वाट पाहावी लागली नाही, पालीतच नङ्गल आहे. (जाता जाता: अमरकोशात नारळाच्या झाडालाही लाङ्गली म्हटलं आहे. आगराच्या मालकांनी याचा अभिमान बाळगावा.)

होडीचा नांगर कुठला? काही अभ्यासू मंडळी म्हणतात, तोही लाङ्गलाचाच. एक जमिनीत रुततो, दुसरा समुद्राच्या तळात, झाली व्युत्पत्ती. मला हे पंख्याखाली बसून सुचलेलं वाटतं. बंदरावर जाऊन शब्द मोजा. बंदर फारसी. दर्या फारसी. नाखवा हा फारसी नाखुदा, नावेचा धनी. खलाशी अरबीतून. सुकाणू म्हणजे अरबी सुक्कान. आरमार पोर्तुगीजांकडून. जहाजाच्या कामाचे शब्द जहाजातूनच आले, आणि एकटा नांगर तेवढा डोंगर उतरून पायी आला? फारसीत जहाजाच्या आकड्याला लंगर म्हणतात. हिंदीत लंगर, गुजरातीत लंगर, कन्नडात लंगरु. या शेजाऱ्यांनी ल जसाच्या तसा ठेवला. मराठीत तो न का झाला?

माझं उत्तर असं. हिंदी आणि गुजराती शेतकऱ्याच्या हातात हल, हळ. कन्नड शेतकऱ्याच्या हातात नेगिलु, जो कानाला लंगरपासून पुरेसा लांब आहे. मराठीत मात्र मळ्यातल्या अवजाराचं नाव लंगरच्या इतकं जवळ होतं की परका शब्द दारात येताच घरच्या शब्दाने त्याला पोटात घेतलं. आणि हे होण्यासारखी माणसंही इथे होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आजच्या सरकारी नियमाआधीही पावसाळ्यात समुद्रात कोण जात होतं? नारळी पौर्णिमेपर्यंत होडी बंद, आणि थोडी भाताची जमीन असलेला तोच माणूस मळ्यात चिखलणीला. ७ जूनला मृग. त्या आठवड्यात एक नांगर निघतो आणि दुसरा पडतो. एकाच माणसाच्या तोंडात दोन अवजारं असली की तो दोन शब्द कशाला सांभाळेल? चार फाळांचा होडीचा नांगर वाळूत ओढून बघा, मागे सऱ्या पडतात. नाव ठेवणाऱ्याला आणखी काय पुरावा हवा.

यावर मला ऐकवलं जातं की फारसी लंगरच मुळात लाङ्गलावरून गेला असेल, तेव्हा दोन्ही नांगर शेवटी एकच. असेल. पण नातवाने आजोबांच्या घरी परत येणं आणि कधी घर न सोडणं यात फरक आहे, आणि मी बोलतो आहे तो परत येण्याबद्दल. हा मुद्दा सोडून 'शेवटी सगळं संस्कृतच' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, पटायचंही नाही.

हां, फलक. 'ज्येष्ठ वृत्तनिवेदक प्रदीप भिडे: स्मृतिदिन, आदरांजली'. स्मृतिदिनात ति ऱ्हस्व, निवेदकात नि ऱ्हस्व. 'दिवंगत' काढा, स्मृतिदिन म्हटल्यावर ते वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजी बातम्यांच्या गीतांजली अय्यर यांचंही निधन ७ जूनचंच, २०२३ सालचं. कार्यक्रमात त्यांचं नाव घेता आलं तर पाहा.

आणि तुमच्याकडून एक काम. वेलदूर तुमच्याच तालुक्यात. तिथल्या जुन्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, विचारा, त्यांच्या आज्यापणज्यांच्या तोंडी होडीच्या नांगराला कधी 'लंगर' हा शब्द होता का. नांगर म्हणाले तर दोर कशाचा, फाळ किती, वजन किती, तेही लिहून पाठवा.