धोट्यातलं सूत

प्रिय,

सांस्कृतिक अभ्यासाची टिपणं काढताना वर्ग, वांशिकता आणि लिंगभाव यांच्या तू तीन वेगळ्या वह्या केल्या आहेस. एकच वही कर.

बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी सांस्कृतिक अभ्यासाचं केंद्र काढलं. कामगाराचं रोजचं जगणं हीसुद्धा संस्कृतीच, ही तिथली धारणा. पुढे केंद्राची धुरा सांभाळणारे स्टुअर्ट हॉल जमैकाहून आलेले. वंशाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. तिथल्या स्त्रियांना मात्र सहकाऱ्यांशीच भांडून जागा मिळवावी लागली. सध्या एवढं पुरे.

आता आपल्या मुंबईच्या कापड गिरणीत ये. बाहेरून सगळे 'कामगार'च. आत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त, पण धोट्यातलं (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतलं) सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणून दलितांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्ग समजून घ्यायला मला या एका धाग्याइतकं दुसरं काहीच उपयोगी पडलेलं नाही. आणि हो, वांशिकतेच्या जागी सरळ जात बसवू नकोस. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच मांडलं आहे.

बायका वाइंडिंग नि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यांत असत, आणि गिरणीबाहेर खानावळीत. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. एका खोलीत चूल, तिथेच पाळीपाळीने पंगती. तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. अशा बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२ चा संप लांबत गेला तेव्हा आजीने कित्येकांना उधारीवर जेवू घातलं. ती उधारी फिटली नाही. संपाचा हिशेब मांडताना तिची चूलही त्यात धरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण तिच्या पंगतीत कोण बसायचं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही. ही रुखरुख मला अजून आहे.

तुझी मावशी काळाचौकीला राहते ना? रविवारी जा. पोहोचल्या पोहोचल्या मोबाइल रेकॉर्डिंगला लावू नकोस, आधी तिच्याबरोबर भाजी निवडायला बस. मग विचार: चाळीत कोणाच्या घरचं पाणी चालायचं? मावशीच्या हातात पैसे कधी आले? ती गप्प झाली, तर तेही लिहून ठेव.

तुझे,
सर