शेजारी बेघर निवारा येत असेल तर

या महिन्यात सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. राज्यातील एका मध्यम आकाराच्या शहरात, पटसंख्येअभावी बंद पडलेल्या मनपा शाळेच्या इमारतीत शहरी बेघर निवारा केंद्र सुरू करण्याचा प्रस्ताव आहे आणि तो कळल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये अस्वस्थता आहे. शहराचे आणि पत्रलेखकांचे नाव त्यांच्या विनंतीवरून वगळले आहे. पत्रांतील मुद्दे सारखेच असल्याने निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीला कोणीही विचारले नाही, प्रस्तावाची माहिती आम्हाला वर्तमानपत्रातून मिळाली. आम्ही सह्यांची मोहीम सुरू केली आहे. रहिवाशांची हरकत असताना असा निवारा उभारता येतो का? (सचिव, गृहनिर्माण संस्था)

उभारता येतो. शहरी बेघरांसाठी निवारा पुरवणे हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम आहे आणि त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. डिसेंबर 2009 मध्ये ऐन थंडीत दिल्लीतील पुसा रस्त्यावरचा एक तात्पुरता निवारा पाडण्यात आला. त्यानंतर अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात, न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी हा विषय समोर आणला आणि जानेवारी 2010 पासून न्यायालयाने आधी दिल्लीला, मग इतर राज्यांना चोवीस तास चालणारे निवारे उभारण्यास सांगितले. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात यासाठी स्वतंत्र योजना आली. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसे आणि प्रत्येकामागे किमान पन्नास चौरस फूट जागा, असे तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेजाऱ्यांच्या ना-हरकत पत्राची अट त्यांत नाही. निधी असूनही निवारे उभे राहत नाहीत, हे पाहून नोव्हेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली पडताळणी समितीही नेमली होती. तेव्हा केवळ सह्यांच्या बळावर हा प्रस्ताव रद्द होईल अशी आशा कोणी आपल्याला दाखवत असेल, तर ती फोल आहे.

मात्र आपल्याला आधी सांगायला हवे होते, ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. वस्तीला अंधारात ठेवून सुरू केलेला निवारा पहिल्या दिवसापासून संशयाच्या सावलीत चालतो आणि त्याचा त्रास शेवटी तिथे झोपणाऱ्यांनाच होतो. आपण माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मंजुरीचा ठराव, किती माणसांची सोय होणार आहे, निवारा चालवणाऱ्या संस्थेशी झालेला करारनामा, इमारतीच्या संरचना तपासणीचा अहवाल आणि अग्निशमन विभागाचा दाखला, एवढी कागदपत्रे मागितली तरी पुरे. वापरात नसलेल्या जुन्या शाळेच्या छपराची आणि वायरिंगची अवस्था काय आहे, हा प्रश्न तर शेजाऱ्यांनी विचारायलाच हवा, कारण त्या छपराखाली माणसे झोपणार आहेत.

प्रश्न : माझ्या दोन मुली संध्याकाळी साडेसातच्या सुमारास क्लासहून त्याच रस्त्याने घरी येतात. तिथे दारुडे, वेडसर, गुन्हेगार येऊन राहिले तर जबाबदार कोण? आम्ही निर्दयी नाही, पण आमच्या मुलींचा विचार आम्ही करायचा नाही का? (एक आई)

आपण तो अवश्य करायचा आणि त्यासाठी कोणी आपल्याला निर्दयी म्हणत असेल तर ते चूक आहे. भीती खरी आहे, म्हणूनच ती नेमकी कशाची आहे ते नीट पाहू या.

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी 2 लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते आणि उत्तर प्रदेशाखालोखाल आपल्या राज्याचा क्रमांक लागला. यांत भीक मागणारे आहेत, व्यसनी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण निवाऱ्यात रात्री येणारी माणसे पाहिली तर मजूर अड्ड्यावर उभे राहणारे बिगारी, बाजार समितीतले हमाल, लग्नसराईत वाढपी म्हणून जाणारे, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया, मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे, मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रिया आणि दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक, असा मेळ दिसतो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाजवळच्या पदपथावर औषधांची पिशवी उशाशी घेऊन झोपलेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांना गावी घर असते, कधी थोडी शेतीही असते, तरी उपचार संपेपर्यंत ती या शहरात बेघरच असतात.

बऱ्यापैकी चालवलेल्या निवाऱ्यात संध्याकाळी सातनंतर माणसे येऊ लागतात. दाराशी टेबलावर नोंदवही असते. नाव, गाव, वय, येण्याची वेळ, आणि पुढे सही किंवा अंगठा. कोणाच्या हातात सिमेंटने पांढरी पडलेली पिशवी असते आणि तीत थापी, ओळंबा आणि कामाचे कपडे. नवा माणूस आत आला की आधी विचारतो, पिशवी कुठे ठेवू? फुटपाथवर झोपणाऱ्याची निम्मी रात्र सामान राखण्यातच जाते, त्यामुळे कुलपाची पेटी मिळाली की तो पहिल्यांदा पाठ टेकून झोपतो. दहाच्या सुमारास दिवे मालवतात. पहाटे पाचला संडासासमोर रांग लागते, कारण सकाळी वेळेवर अड्ड्यावर उभे राहिले नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. आपल्या मुली ज्या वेळी रस्त्यावरून येतात, त्या वेळी यांतील बहुतेक जण दमून परतत असतील किंवा नोंदवहीपाशी उभे असतील.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. ही माणसे निवाऱ्यामुळे शहरात येणार नाहीत. ती आजच बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, एसटी स्थानकात, पुलाखाली झोपत आहेत. कदाचित आपल्या मुलींच्या वाटेवरच. तिथे त्यांची नोंद नाही, दिवा नाही, आणि रात्री काही घडले तर विचारणा करावी असा जबाबदार माणूसही नाही. निवाऱ्यात हे तिन्ही असते.

ते मिळाले नाही, तर मात्र आपली भीती खरी ठरू शकते. म्हणून आग्रह कशाचा धरायचा ते सांगते. काळजीवाहक तीन पाळ्यांत हवेत. एकच माणूस दिवसरात्र तिथे असेल तर तो मध्यरात्री झोपलेला असणार, आणि त्याचा पगार रखडला तर एक दिवस तो निघूनही जाणार. निवारा चोवीस तास उघडा हवा, कारण सकाळी आठला कुलूप लावले की आजारी आणि म्हातारी माणसे दिवसभर तुमच्या कुंपणाच्या कट्ट्यावर बसून राहतात आणि मग तक्रार त्यांच्याविरुद्ध होते. संडास आणि पाणी माणसांच्या संख्येला पुरेल इतके हवे. वस्तीला ज्या घाणीची भीती वाटते ती बहुतेक वेळा या एका हलगर्जीपणातून येते. दारू पिऊन आलेल्याचे काय करायचे, हेही आधीच ठरले पाहिजे. त्याला दारातून हाकलून देणे सोपे असते, पण हाकललेला माणूस रात्र तुमच्याच फाटकाशी काढतो; त्याला बाजूच्या खोलीत झोपवून सकाळी समज देणे आणि व्यसनमुक्ती केंद्राशी गाठ घालून देणे अधिक शहाणपणाचे आहे.

मानसिक आजार असलेल्यांविषयी वेगळे लिहायला हवे. ‘वेडसर’ म्हणून ज्यांना आपण टाळतो, ते बहुधा आपल्या घरचा पत्ता हरवलेले, उपचारांविना राहिलेले रुग्ण असतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी अशी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षणात घेणे आणि 24 तासांच्या आत तपासणीसाठी सरकारी आरोग्य संस्थेत नेणे, ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षे रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना आपापल्या घरी पोहोचवत आली आहे, तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निवाऱ्यातील काळजीवाहकाला हा कायदा आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठाऊक हवा. एकटे मूल आढळल्यास 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112, हे दोन क्रमांक आपल्याही फाटकाशी लिहून ठेवावेत. स्त्रियांची सोय शक्यतो स्वतंत्र इमारतीत व्हावी, अशी मागणी आपण आई म्हणून केलीत तर तिला वजन येईल.

प्रश्न : निवाऱ्याला आमचा विरोध नाही. शहराबाहेर मनपाची भरपूर मोकळी जागा आहे, तिथे प्रशस्त इमारत बांधावी. भरवस्तीचा हट्ट कशासाठी? (निवृत्त शिक्षक)

सर, ही सूचना आपण सद्भावनेने केली आहे, परंतु तिथे कोणी राहायला जाणार नाही. बेघर माणूस शहराच्या मध्यावर राहतो तो काम, स्टेशन, दवाखाना आणि अन्नछत्र यांच्या जवळ राहण्यासाठी. लग्नाच्या कार्यालयातून रात्री अकराला सुटलेला वाढपी शेवटची बस गेल्यावर गावकुसाबाहेरच्या इमारतीत कसा पोहोचेल आणि सकाळी अड्ड्यावर कसा परतेल? रिक्षाला दिलेल्या पैशांत त्याची मजुरी संपेल. योजनेच्या सूचनांतही निवारे शक्यतो रेल्वे स्थानक, बस आगार, बाजार अशा ठिकाणांजवळ असावेत असेच म्हटले आहे. लांब बांधलेली इमारत रिकामी राहते आणि काही महिन्यांनी ‘बेघरांनाच यायचे नाही’ असा शेरा फाइलवर पडतो. माणसे मात्र पायऱ्यांवरच झोपतात.

आपली शाळा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, असे आपणच पत्रात लिहिले आहे. या कामासाठी ती जागा योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : फ्लॅटच्या किमती पडतील त्याची भरपाई कोण देणार? (एक रहिवासी)

कोणी देणार नाही, आणि तशी तरतूदही नाही. किमती पडतीलच असे गृहीत धरण्याला मात्र आधार दिसत नाही. दादरसारख्या महागड्या भागात गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे आणि तेथील घरांना मागणी कमी झालेली नाही. धर्मशाळा आणि बेघर निवारा या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मला मान्य आहे. पण दोन्ही ठिकाणी शेजाऱ्यांना त्रास होईल की नाही हे व्यवस्थेवर ठरते. ओस पडलेली, रात्री पत्ते कुटायला वापरली जाणारी बंद शाळा शेजारी असणे, हेही घराच्या किमतीला पोषक नसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत निवाऱ्याच्या बाजूने बोलणारी मी एकटीच आहे. पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे. मी काय बोलू? आणि निवारा झालाच, तर मदत म्हणून काय देता येईल? (एक वाचक भगिनी)

ताई, माणुसकीवर भाषण करू नका. समोर बसलेल्यांना आपण माणुसकी सोडली आहे असे ऐकवले की ते अधिक ताठर होतात. त्याऐवजी निवेदनाच्या मसुद्यात दुरुस्ती सुचवा. ‘निवारा नको’ या वाक्याच्या जागी आपल्या अटी लिहाव्यात, असे म्हणा: मंजूर संख्येपेक्षा अधिक माणसे ठेवू नयेत, तिन्ही पाळ्यांतील काळजीवाहकांची नावे आणि मोबाइल क्रमांक दारावर लावावेत, रस्त्यावरचे बंद दिवे निवारा सुरू होण्यापूर्वी लागावेत, कचरा रोज उचलला जावा, निवाऱ्याच्या व्यवस्थापन समितीत शेजारच्या सोसायट्यांचे दोन प्रतिनिधी घ्यावेत आणि त्यांतील एक स्त्री असावी, आणि पहिल्या सहा महिन्यांत दरमहा एक बैठक शाळेतच व्हावी. विरोधकांनाही यांतील एकही अट नाकारता येणार नाही आणि अशा निवेदनावर अधिकाऱ्यांना लेखी उत्तर देणे भाग पडते. तसेच सभेपूर्वी विरोध करणाऱ्यांपैकी दोघांना बरोबर घेऊन जवळच्या शहरातील एखादा चालू निवारा रात्री नऊच्या सुमारास पाहून या. अर्थात आधी परवानगी घ्या आणि तिथल्या कोणाचेही फोटो काढू नका.

मदतीबद्दल : चादरी आणि जुने कपडे लोक भरपूर देतात, त्यामुळे ते ठेवायला जागा उरत नाही. कमतरता असते ती कुलपांची, आंघोळीच्या आणि कपड्यांच्या साबणाची, सॅनिटरी पॅडची, उवांच्या औषधाची आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरची. त्याहून मोठी गरज कागदपत्रांची आहे. रेशनकार्ड, बँकेचे खाते, निराधार योजनेचे अनुदान, सगळे पत्त्यापाशी अडते. निवाऱ्यातील रहिवाशांना अशी कागदपत्रे मिळवून देणे योजनेतच अपेक्षित आहे, पण रांगेत उभे राहून अर्ज भरायला काळजीवाहकाला सवड नसते. आपल्या सोसायटीतील निवृत्त मंडळींपैकी कोणी आठवड्यातून एक सकाळ त्यासाठी दिली, तर एखाद्या म्हातारीचे अनुदान सुरू होईल. त्यासाठी कोणाला विचारायचे ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. वर ज्यांना उत्तर दिले आहे त्या निवृत्त शिक्षकांना मी जरूर विचारले असते.