संचांचा अनंत आलेख आणि त्याच्या सममिती

प्रश्न : रिक्त संचापासून सुरुवात करून, आधी बनलेल्या मोजक्या संचांना घटक मानून टप्प्याटप्प्याने तयार होणारे सर्व संच हे बिंदू धरले आणि एक दुसऱ्याचा घटक असेल तेव्हाच त्यांना रेषेने जोडले, तर या अनंत आलेखाला सममिती असते का, म्हणजे सर्व जोडण्या जशाच्या तशा ठेवून बिंदूंची अदलाबदल करता येते का?

उत्तर : असते, आणि अमाप असते. घटकाकडून संचाकडे जाणारे बाण रेषांवर ठेवले, तर मात्र एकही बिंदू हलत नाही. कारण ज्यात बाण शिरत नाही असा बिंदू रिक्त संच एकटाच, आणि बाकीचे आपापल्या घटकांवरून ठरतात. बाण पुसले की चित्र पालटते. सामाईक बिंदू नसलेले दोन सांत (मर्यादित बिंदूंचे) गट ‘अ’ आणि ‘ब’ घ्या. ‘अ’मधील सर्व बिंदू आणि दोन्ही गटांतील सर्वांनंतरच्या टप्प्यावर बनलेला एखादा संच, एवढेच घटक असलेला नवा संच ‘अ’मधील प्रत्येकाशी जोडलेला असतो, ‘ब’मधील कोणाशीही नाही. (सगळी किमया या एका गुणधर्माची आहे.) त्याच्या आधारे दोन्हीकडून आळीपाळीने एकेक बिंदू जुळवत गेले, की रिक्त संचाला हव्या त्या बिंदूवर नेणारी सममिती मिळते. गणितज्ञ रिचर्ड राडो यांनी १९६४ मध्ये द्विमान अंकांवरून (० आणि १) मांडलेला आलेख हाच. त्याचे बिंदू गणनीय आहेत, म्हणजे त्यांना १, २, ३ असे क्रमांक देता येतात; सममिती मात्र अगणनीय.