व्यंग, व्यंग्य आणि हुकूमशहाच्या हातातला पृथ्वीगोल

प्रश्न असा आहे: "चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हिटलरवर व्यंग केलं आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. संपादकांनी 'व्यंग' खोडून 'विडंबन' केलं. मित्राच्या मते दोन्ही चूक, 'उपहास' हवा. हुकूमशाहीची आणि युद्धाची टर उडवणाऱ्या अशा चित्रपटांतल्या दृश्यांना मराठीत नेमकं काय म्हणावं? 'युद्धाचं विडंबन' असं म्हणता येतं का?"

'हिटलरवर व्यंग केलं' ही वाक्यरचना मराठी नाही, एवढं आधी सांगून टाकतो. हिंदीत 'व्यंग्य' हा साहित्यप्रकार आहे आणि बोलताना त्यातला शेवटचा 'य' सहज गळतो. तोच शब्द आपल्याकडे 'व्यंग' होऊन उतरला. पण मराठीत 'व्यंग' शब्दाची जागा आधीच भरलेली आहे. वि आणि अंग मिळून झालेला हा शब्द. अंगात काही उणं असणं, न्यून, दोष हा त्याचा अर्थ. आपण व्यंगावर बोट ठेवतो, कुणाचं व्यंग काढू नये असं मुलांना सांगतो. त्यामुळे 'हिटलरचं व्यंग' वाचलं की मराठी वाचकाला हिटलरच्या शरीरातला एखादा दोष आठवतो.

'व्यंग्य' हा शब्द वेगळ्या घराण्यातला. वि आणि अञ्ज् धातू, म्हणजे प्रकट करणं, यांपासून 'व्यंजना' आली आणि व्यंजनेने जे सुचवलं जातं ते 'व्यंग्य'. काव्यशास्त्रातलं जुनं उदाहरण 'सूर्य मावळला' या वाक्याचं. गुराख्याने ऐकलं तर गुरं घराकडे वळवायला हवीत, चोराने ऐकलं तर कामाला निघायची वेळ झाली. शब्द तेवढेच असतात, पण प्रत्येकाच्या मनात उमटणारा अर्थ निराळा. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या सुचवलेल्या अर्थाला काव्याचा आत्मा म्हटलं. त्यात टिंगलीचा काही संबंध नाही. करुणसुद्धा व्यंग्य असू शकतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता विडंबन. संस्कृतात या शब्दात अनुकरण आणि चेष्टा दोन्ही आहेत. मराठी वाचकाच्या मनात तो पक्का बसला तो केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मुळे (1925). विडंबनाची अट एकच, पण कडक: त्याला मूळ लागतं. मूळ कविता माहीत नसेल तर विडंबनातली गंमत निम्मी कळते. ही अट चित्रपटाला लावून पाहिली की संपादकांची दुरुस्ती कुठे बरोबर आणि कुठे अपुरी ते दिसतं.

1940 सालच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिन दोन भूमिकांत आहे, टोमेनिया या काल्पनिक देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि एक गरीब ज्यू न्हावी. हिंकेलच्या पहिल्या मोठ्या भाषणात एकही धड जर्मन वाक्य नाही. खोकणं, घशातून खरवडलेले आवाज, गुरगुरणं आणि मधूनच ओळखू येणारे दोनचार खाद्यपदार्थ. तरीही मुठी, मान, अचानक येणारी शांतता आणि तिच्यामागून फुटणारी आरोळी यांमुळे हा कोण आहे याबद्दल शंका राहत नाही. त्याच्या जोरापुढे समोरचा मायक्रोफोन मान वाकवून मागे सरतो. त्या काळच्या प्रेक्षकांनी हिटलरची भाषणं वृत्तपटांत पाहिलेली होती, म्हणजे मूळ सगळ्यांसमोर होतं. हे विडंबन आहे, अगदी शुद्ध. इथे एक योगायोगही आहे. चॅप्लिन आणि हिटलर दोघेही 1889 च्या एप्रिलमधले, चार दिवसांच्या अंतराने जन्मलेले, आणि ती चौकोनी मिशी चॅप्लिनच्या 'भटक्या' या गाजलेल्या पात्राच्या ओठावर 1914 पासून पडद्यावर होती.

त्याच चित्रपटात जॅक ओकीने उभा केलेला नापालोनी म्हणजे मुसोलिनी. पुढे काढलेली हनुवटी, फुगवलेली छाती. एखादं वैशिष्ट्य वाढवून त्यातच माणूस पकडायचा, याला मराठीत 'अर्कचित्र' असा सुरेख शब्द आहे. तो कागदावरच्या चित्रांसाठी घडला असला तरी अशा अभिनयासाठी वापरायला हरकत नसावी.

विडंबनाचं टोकाचं उदाहरण पाहायचं तर महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स रिडली यांनी केलेला छोटा पट घ्या. लेनी रीफेनश्टालने न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यावर केलेल्या 1935 च्या प्रचारपटातली दृश्यं त्यांनी उचलली, ती पुढे-मागे, पुढे-मागे फिरवली आणि 'लँबेथ वॉक' या लोकप्रिय नाचगाण्याच्या तालावर बसवली. पाय ताठ उचलून संचलन करणारे सैनिक दोन पावलं पुढे जातात, दोन मागे येतात, पुन्हा पुढे. सलामी देणारा हिटलर नाचाच्या ठेक्यात हात वरखाली करतो. मूळ तेच, माणसं तीच, बदलली ती केवळ जोडणी. इतकं मुळाला धरून केलेलं विडंबन शब्दांच्या साहित्यातही सहसा सापडत नाही.

मात्र 'द ग्रेट डिक्टेटर' म्हटलं की जे दृश्य सगळ्यांना आठवतं ते पृथ्वीगोलाचं, आणि तिथे 'विडंबन' हा शब्द तोकडा पडतो. साऱ्या जगाचा सम्राट होण्याचं स्वप्न हिंकेलच्या डोक्यात भरवलं जातं. तो इतका मोहरतो की खिडकीच्या पडद्यावर चढतो, मला एकटं राहू द्या म्हणतो, मग घसरत खाली येतो आणि दालनातल्या पृथ्वीगोलाजवळ जातो. गोल स्टँडवरून उचलतो तर तो फुग्यासारखा हलका. मनगटावर उडवतो, डोक्याने टोलवतो, टाचेने उडवतो, मेजावर पालथा पडून पार्श्वभागाने वर ढकलतो. हे सगळं अतिशय हळुवार, प्रेयसीबरोबर नाचावं तसं. पाठीमागे वाग्नरच्या 'लोएनग्रिन' या संगीतिकेची प्रस्तावना, आणि वाग्नर हा हिटलरचा लाडका संगीतकार. शेवटी तो गोलाला घट्ट कवटाळतो आणि गोल त्याच्या तोंडावरच फुटतो. हातात रबराचं लक्तर उरतं. हुकूमशहा मेजावर डोकं टेकून रडतो.

याचं मूळ कुठे आहे? हिटलर फुग्याशी नाचल्याचा वृत्तपट कुणी पाहिलेला नाही. इथे नक्कल कशाचीच नाही. इथे जे आहे ते व्यंग्य, यकारासकट, आनंदवर्धनाच्या अर्थाने. फुगा हा वाच्य, म्हणजे थेट दिसणारा अर्थ. जग त्याला खेळणं वाटतं, ते पोकळ करूनच त्याला पेलता येतं, त्याच्या प्रेमात आणि गुदमरवण्यात फरक नाही, हे सगळे सुचवलेले अर्थ. एकही संवाद त्यांतलं काही बोलून दाखवत नाही. पाहणाऱ्याला आधी हसू येतं, पण त्या हळुवारपणाने अंगावर काटाही येतो. टिंगल म्हणावी तर नाच खरोखर सुंदर आहे. मला वाटतं, त्या सौंदर्यामुळेच भीती वाटते.

हे दृश्य संपताच न्हाव्याचं दुकान दिसतं. रेडिओवर ब्राम्सचं 'हंगेरियन डान्स' लागलंय आणि न्हावी त्याच्या तालावर गिऱ्हाइकाची दाढी करतोय. वस्तरा सुरांबरोबर धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. एकाच नटाचे, संगीतावर बसवलेले दोन नाच एकाला लागून एक. एकाच्या हातात अख्खं जग आहे आणि ते फुटतं. दुसऱ्याच्या हातात धारदार वस्तरा आहे आणि गिऱ्हाइकाला ओरखडाही पडत नाही. दोन चित्रं शेजारी ठेवून तिसरा अर्थ सुचवणं हे व्यंजनेचंच काम. आणि चित्रपटाच्या अखेरीस, हिंकेल समजला गेलेल्या न्हाव्याचं भाषण संपताना, 'लोएनग्रिन'ची तीच प्रस्तावना पुन्हा ऐकू येते. आधी सत्तेच्या स्वप्नाला साथ देणारे सूर आता आशेला साथ देतात.

याच चित्रपटात 'व्यंग' या मराठी शब्दाला साजेसंही एक चित्र आहे. हिंकेलची मोटार शहरातून जाते तेव्हा रस्त्याकडेला पुतळे दिसतात. त्यांत रोदँचा 'विचारवंत' आहे आणि मिलोची व्हीनसही. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या मूळ व्हीनसला हात नाहीत, तिचं ते जगप्रसिद्ध व्यंग. इथे तिला हात आहे आणि तो सलामीसाठी वर उचललेला आहे. विचारवंताचाही हनुवटीखालचा हात सुटून वर गेलाय. दृश्य काही क्षणांचं आहे, पण सौंदर्य आणि विचार यांचं हुकूमशाही काय करते ते त्यात पुरतं आलं. हिंकेलच्या पक्षाचं चिन्हही असंच. स्वस्तिकाच्या जागी दोन फुल्या, म्हणजे 'डबल क्रॉस', आणि इंग्रजीत डबल क्रॉस म्हणजे दगाबाजी. हा चित्रातून साधलेला श्लेष.

आता 'उपरोध'. बोलायचं एक आणि रोख त्याच्या उलट, तर तो उपरोध. चित्रपटात तो बहुधा शब्द आणि चित्र यांच्या विरोधातून येतो. हिंकेल ज्यूंविषयी बराच वेळ पिसाळल्यासारखा ओरडतो आणि निवेदक शांत आवाजात सांगतो की महोदयांनी आत्ताच ज्यू लोकांचा उल्लेख केला. अणुयुद्धाची टर उडवणाऱ्या, स्टॅन्ले क्युब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये (1964) अमेरिकी हवाई तळावर अमेरिकी सैनिकच एकमेकांवर गोळ्या झाडत आहेत आणि चौकटीत फलक दिसतो, 'शांतता हाच आमचा व्यवसाय'. तो फलक पटकथेची कल्पना नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रधारी बॉम्बफेकी दलाचं ते खरोखरचं ब्रीदवाक्य होतं. तसंच युद्धकक्षातल्या भल्या मोठ्या गोल मेजाचं. ते हिरव्या कापडाने मढवावं, म्हणजे पोकर खेळायला बसल्यासारखं वाटेल, असा क्युब्रिकचा आग्रह असल्याचं कलादिग्दर्शक केन अॅडम सांगत असत. चित्रपट कृष्णधवल, रंग कुणाला दिसणार नव्हता, पण नटांना तर जाणवणार होता. जगाच्या नाशाची बोलणी जुगाराच्या मेजाभोवती चालतात, हे कॅमेरा वरून त्या वर्तुळाकडे पाहतो तेव्हा रंगावाचूनही पोचतं.

'युद्धाचं विडंबन' म्हणावं का, याचं उत्तर मूळ असण्याच्या अटीतच आहे. युद्ध ही एखादी कृती वा शैली नव्हे, त्यामुळे त्याची नक्कल होत नाही. युद्धाच्या कवायतीचं, घोषणांचं, वीरगीतांचं, युद्धपटांचं विडंबन होतं. युद्धाचा आणि युद्धज्वराचा होतो तो उपहास. अमेरिकी विनोदी नट मार्क्स बंधूंच्या 'डक सूप'मध्ये (1933) फ्रीडोनिया या काल्पनिक देशाचा प्रमुख फायरफ्लाय शेजारी देशाच्या राजदूताशी समेटाला तयार असतो. पण मी हात पुढे केला आणि त्याने तो नाकारला तर, अशी कल्पना करत करत स्वतःच इतका चिडतो की राजदूत आत येताच त्याच्या थोबाडीत देतो आणि युद्ध पेटतं. दरबार आनंदाने नाचू-गाऊ लागतो. लढाईत तर प्रत्येक शॉटला त्याचा गणवेश बदलतो. कधी अमेरिकी यादवीतल्या उत्तरेचा, कधी दक्षिणेचा, मध्येच बालवीरांच्या पथकप्रमुखाचा. कुणीही त्याकडे लक्ष देत नाही. युद्ध कोणतं, बाजू कोणती, काळ कोणता, काही फरक पडत नाही, हे एक शब्द न उच्चारता कपड्यांतून सांगितलं आहे. या ठिकाणी 'उपहास' हाच शब्द, तुमच्या मित्राचा.

उपहास उच्छृंखल असला की त्यातून 'विटंबना' होण्याचा धोका असतो. विटंबना हा विडंबनेचाच बदललेला अवतार, पण मराठीत त्याला अपमानाची, बेअब्रूची धार आली आहे. हुकूमशहाची विडंबना आणि त्याच्या बळींची विटंबना यांतलं अंतर चॅप्लिन जाणून होता. त्याच्या चित्रपटात ज्यू वस्तीतले लोक विनोदी आहेत, पण हास्यास्पद नाहीत. छळछावण्यांतलं खरं भीषण वास्तव माहीत असतं तर हा चित्रपट करू शकलो नसतो, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

शेवटी एक असं दृश्य, जिथे मराठी 'व्यंग' आणि संस्कृत 'व्यंग्य' एकाच चौकटीत येतात. अमेरिकी अध्यक्षांचा सल्लागार झालेला जर्मन शास्त्रज्ञ डॉ. स्ट्रेंजलव्ह चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे आणि काळा मोजा घातलेला उजवा हात त्याच्या ताब्यात नाही. अध्यक्षांशी बोलताना तो हात आपोआप नाझी सलामीसाठी वर जातो. दुसऱ्या हाताने तो खाली दाबतो, तर तो गळा धरतो. शरीराचा दोष म्हणून पाहिलं तर ते व्यंग, आणि त्यावर हसणं बरं वाटत नाही. पण जर्मनीचा पराभव होऊन बरीच वर्षं झाली, मालक बदलला, तरी हाताला जुनी सवय आठवते, हे त्याचं व्यंग्य आहे.

तेव्हा तुमचं वाक्य असं करता येईल: 'चॅप्लिनने हिटलरचा उपहास केला आहे आणि त्याच्या भाषणांचं विडंबन केलं आहे.' एकूण चित्रपटाला 'उपहासपट' म्हणा, किंवा 'उपहासात्मक'. 'व्यंग्य' वापरायचाच असेल तर पृथ्वीगोलासारख्या दृश्यासाठी वापरा, 'य' गाळू नका, आणि क्रियापद 'करणं' ऐवजी 'असणं' ठेवा: 'या दृश्यातलं व्यंग्य असं आहे...'