‘दुर्गंधी फुले’ कानाला का खटकते?

घरी कुंडीत स्टॅपेलिया हे घाण वासाच्या फुलांचे झाड वाढवणाऱ्या एका बागप्रेमींचा प्रश्न आहे: ‘सुगंधी फुलझाडे’ म्हणतो तसे लेखाच्या शीर्षकात ‘दुर्गंधी फुलझाडे’ चालेल का? लिहिले, पण खटकते.

खटकणारच. मराठीत ‘सुगंधी’ विशेषण आहे, तर ‘दुर्गंधी’ हे मुख्यतः स्त्रीलिंगी नाम: दुर्गंधी सुटली, दुर्गंधी पसरली. दिसायला जोडी, पण संसार वेगळे. गंमत म्हणजे संस्कृत व्याकरणातही दोघांना एक नियम नाही. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे उत्, पूति, सु आणि सुरभि यांच्यापुढे बहुव्रीही समासात ‘गंध’चा ‘गंधि’ होतो. ‘दुर्’ त्या यादीत नाही. ‘दुर्गंधीयुक्त’ लिहून व्याकरण सांभाळता येईल, पण वाचकाला फुलाऐवजी तुंबलेले गटार दिसेल.

त्यापेक्षा वास कसला ते सांगावे. कुबट, कुजट, खवट, करपट, आंबूस... मराठी नाक फार चोखंदळ आहे. स्टॅपेलियाला ‘कुजट’च. हे फूल सडक्या मांसाचा वास सोडून माश्यांना बोलावते. माशी इतकी फसते की फुलावर अंडी घालते, आणि निघालेल्या अळ्या खायला काही नसल्याने मरतात. सुरणाचा फुलोरा आणि सुरणाचा सुमात्रातला अवाढव्य भाऊबंद टायटन अरम यांचाही धंदा हाच. या वासातली डायमिथाइल डायसल्फाइडसारखी गंधकाची संयुगे सडत्या मांसातही असतात, म्हणजे ‘कुजट’ हे नुसते वर्णन नाही, निदानच म्हणा.

‘कुबट’ इथे बसत नाही. तो बंद खोलीचा, दमट कपड्यांचा. ‘उग्र’ने फक्त तीव्रता कळते. सातविणीचा बहर उग्रच असतो, तरी तो आवडणारेही पुष्कळ. ‘दर्प’ मुळात गर्व. मराठीने तो नाकाशी आणून जोडला. तीव्र आणि नकोसा, एवढे त्यातून कळते, पण जात कळत नाही.

क्रियापदही जपून निवडा. ‘दरवळतो’ तो चांगलाच वास. ‘वास येतो’ तटस्थ, आणि ‘वास मारतो’ म्हटले की निकाल लागला. टायटन अरमसाठी मी ‘भपकारे येतात’ म्हणेन. त्याचा फुलोरा तापतो, उमलण्याच्या रात्री वास सर्वात जोरात असतो, आणि तो सलग न येता लाटांनी येतो. ‘भपकारा’ नेमका त्यासाठीच घडवल्यासारखा आहे.

‘घाणेरी फुले’ हा सुटसुटीत पर्याय सुचेल, पण ‘घाणेरी’ हे नाव लँटानाने, म्हणजे टणटणीने, आधीच घेतले आहे. तिची पाने चुरगळली की उग्र वास येतो; फुले बिचारी सुरेख असतात. तेव्हा शीर्षक ‘कुजट वासाची फुलझाडे’ असे ठेवा.